हौसा धवलारणीचा श्वास

भिवंडीजवळच्या अंजूरच्या केसरीनाथची बायको हौसा ही त्या पट्ट्यातली नावाजलेली धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात मांडवाचा पहिला खांब उभा राहतो तो धवलारणीच्या गाण्यानं, हळद लागते ती तिच्या गाण्यानं, आणि नवरी सासरचा उंबरा ओलांडते तीही तिच्याच गाण्यानं. हे धवले कुठं लिहिलेले नसतात. हौसाला ते तिच्या मावशीनं, ठकुबाईनं, भात लावता लावता शिकवले. चिखलात वाकून एक रोप खोचायचं आणि एक ओळ म्हणायची. अंजूरपासून खारबावपर्यंत असं घर विरळाच, जिथल्या एखाद्या तरी हळदीला हौसा उभी राहिली नव्हती.

केसरीनाथ मात्र कमी बोलणारा. खाडीकाठच्या बांधावरची उघाडी सांभाळायची, हे त्याचं वडिलांपासूनचं काम. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. ओहोटीला ते उचलून शेतातलं पाणी खाडीत जाऊ द्यायचं आणि भरती चढायच्या आत पाडायचं. दार वेळेत पडलं नाही तर खारं पाणी शेतात शिरतं आणि पीक जातं. बायको गाते हे त्याला ठाऊक होतं, जसं घरावर कौलं आहेत हे ठाऊक असतं. मान वर करून कौलांकडं कोण रोज बघतो?

पुढं खाचरांवर मुरूम पडला आणि मुरुमावर पत्र्याची गोदामं उभी राहिली. गावातल्या बायका राहनाळच्या गोदामांत पार्सलं निवडायला जाऊ लागल्या. लग्नसराई नसली की हौसाही जायची. घरात बसून तिला करमायचं नाही.

दोन हजार सहा साल असेल. शिमगा नुकताच उलटला होता. गोदामात कापसावर फवारायच्या कीटकनाशकाचे खोके उतरत होते. एक थप्पी कलली आणि वरचे खोके खाली आले. बाटल्या फुटल्या, फरशीभर पिवळट तेलकट थर पसरला. वास असा, की बायका पदर नाकाला लावून बाहेर पळाल्या. मुकादम ओरडला, "अरे पुसून घ्या, माल खराब होतोय!"

हौसानं साडी वर खोचली. मागं आलेल्या दोघीतिघींना तिनं दारातच थांबवलं. "तुमची पोरं लहान हाएत. तुमी व्हा बाजूला." गोणपाट घेऊन ती उकिडवी बसली आणि शेणानं जमीन सारवावी तशी सगळी फरशी उघड्या हातांनी पुसून काढली. साडी गुडघ्यापर्यंत भिजली. ती अंगावरच वाळली. त्याच हातांनी तिनं डबा खाल्ला आणि पुढच्या कामाला लागली.

घरी आली ती वेळेच्या आधीच. केसरीनाथ ओटीवर जाळं सांधत होता. रिक्षातून उतरलेली हौसा त्याला अंगावर कुणी घागर ओतल्यासारखी दिसली. घामानं पोलकं निथळत होतं. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, तोंडातून लाळ. जितकी पुसावी तितकी पुन्हा.

"आवो, दिवा लावा की," ती म्हणाली. "सांज झाली का एवढ्यात?"

अंगणात ऊन रखरखत होतं.

केसरीनाथनं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. तिच्या डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीच्या दाण्याएवढ्या झाल्या होत्या. आणि गालाची, मानेची, दंडाची कातडी खालून फडफडत होती, डबक्यावर पावसाचे थेंब पडताना पाणी उडतं तशी. हौसा काही करत नव्हती, तिचं अंगच आपलं आपण हलत होतं. त्यानं मुलाला हाक मारली. मनोजनं तीच रिक्षा अडवली आणि दोघं तिला भिवंडीच्या दवाखान्यात घेऊन गेले.

तिथं पहिला प्रश्न आला तो भलताच. "काय प्यायल्या या? घरात भांडण झालं होतं का?" डॉक्टरीण तरुण होती. तिनं असे पेशंट बरेच बघितले असावेत.

केसरीनाथला कानाखाली बसल्यासारखं झालं. "भांडान? न्हाय वो. ती कामावं व्हती. गोदामान औषध सांडलं, तां पुसलंन तिनी."

डॉक्टरीण वाकली, साडीचा वास घेतला. रॉकेलचा वास आणि त्यात कुजलेल्या लसणीसारखं काहीतरी. ती ताडकन उभी राहिली. "हे पोटात नाही गेलेलं. कातडीतून आत गेलंय, आणि अजून जातंय! सिस्टर, कपडे काढा, हातमोजे घाला. साबणानं सगळं अंग धुवा. केससुद्धा."

एकीकडे सुया टोचल्या जात होत्या, दुसरीकडे हौसाला धुतलं जात होतं. कुणीतरी साडीचं बोचकं बाजूला टाकलं, ते केसरीनाथनं सवयीनं उचलून काखेत धरलं. सिस्टरनं ते हिसकावून प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलं आणि त्याला नळाकडं पिटाळलं. पण तोवर त्यानं त्याच हातानं एक डोळा चोळला होता. दुसऱ्या दिवसापर्यंत त्या डोळ्याला सगळं ढगाआडून दिसावं तसं मंद दिसत राहिलं. नुसत्या बोटाला लागलेल्या औषधानं ही गत, आणि ती तर त्यात बसून सारवत होती.

जरा उसंत मिळाल्यावर डॉक्टरणीनं केसरीनाथला बाकावर बसवून समजावलं. "काका, आपण हात उचलायचा म्हटला की मज्जातंतूच्या टोकाशी एक रस सुटतो. तो स्नायूला निरोप देतो. निरोप पोचला की तो रस लगेच साफ व्हायला लागतो, आणि साफ करणारं एक द्रव्य आपल्या अंगात असतं. या विषानं नेमकं त्यालाच जखडून ठेवलंय. आता निरोपांवर निरोप चाललेत. म्हणून घाम, लाळ, म्हणून अंग फडफडतंय. छातीतसुद्धा पाणी भरलंय."

केसरीनाथनं ते आपल्या बांधाशी जुळवून पाहिलं. मग म्हणाला, "म्हंजे उघाडी अडकली. भरतीचं पानी आत येतंच रायलं."

"तसंच काहीसं."

"मंग नवीन दार कोन बसवल?"

"त्यांचं शरीरच बनवेल, हळूहळू. तोवर त्यांना बुडू द्यायचं नाही, एवढंच आमच्या हातात आहे."

केसरीनाथनं दाराच्या काचेतून आत पाहिलं. खाटेवर निपचित पडलेल्या त्या बाईच्या आत कुणीतरी सुतारकाम करत बसलंय, कुणाला न दिसता, न सांगता! त्याला भीती वाटत होती, पण त्या भीतीच्या पोटात आणखी काहीतरी होतं. भर समुद्रावर पहिल्यांदा गेला होता तेव्हा वाटलं होतं तसं.

छातीतली घरघर बसेपर्यंत विषावरच्या उताऱ्याची, अ‍ॅट्रोपीनची, इंजेक्शनं चालू राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी चित्र सगळं उलटं झालेलं. घाम आटला होता, तोंड कोरडं ठाक, गाल लालबुंद, आणि मोहरीएवढ्या बाहुल्या आता मोठ्या काळ्या झालेल्या. हौसा बोटांनी हवेतून काहीतरी वेचत होती. "औषधाचा भ्रम आहे, उतरेल," सिस्टर म्हणाली. तेवढ्यात हौसानं गायला सुरुवात केली.

*मांडवाचे दारी गो चांद थांबला,*
*नवरीचे हलदीशी उजेड मागला.*

आवाज घोगरा, कोरडा, पण ओळीला ओळ जोडलेली. वॉर्डातली कुजबुज थांबली. पलीकडच्या खाटेवर दम्यानं बेजार झालेला इक्बाल होता. भिवंडीत चार लूम चालवणारा माणूस. त्यानं नाकावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला. त्याची बायको सईदा पाण्याचा ग्लास हातात धरून तशीच उभी राहिली. सलाईन उपटू नये म्हणून खाटेला सैल बांधलेल्या हातांनी हौसा हवेतल्या हवेत हळद लावत होती.

"कमल, पाय सोड गो," ती म्हणाली. "पावलांना लावू दे. केवडी उंच झालीस तू, मना वर बघावं लागतंय."

केसरीनाथ भिंतीला टेकला. कमळ त्यांची थोरली. मनोजच्याही आधीची. सातव्या वर्षी तापानं गेली. त्या दिवसापासून घरात तिचं नाव कुणी काढलं नव्हतं, आणि हौसानं तर कधीच नाही. त्याला वाटलं होतं, विसरली. आणि इथं हौसाच्या आत ती पोर वर्षामागून वर्ष वाढत होती, आईपेक्षा उंच झाली होती, लग्नाला आली होती! हौसानं तिचं पूर्ण लग्न लावलं. मांडवापासून पाठवणीपर्यंत. एकही धवला सोडला नाही. अर्धेअधिक केसरीनाथनं या आधी कधी ऐकलेच नव्हते. इतकी वर्षं एका छपराखाली राहून आपण या बाईच्या ओटीपर्यंतच आलो होतो, असं त्याला वाटलं.

भ्रम उतरला. हौसा ओळखीनं बोलू लागली, पाणी मागू लागली. मनोज गावात फोन करून सांगून आला, आई वाचली म्हणून. तिसऱ्या दिवशी डॉक्टरीण आली आणि तिनं सहज सांगावं तसं सांगितलं, "मावशी, उशीवरून डोकं उचला बघू."

हौसानं जोर लावला. डोकं हललं नाही. गळ्याच्या शिरा तेवढ्या ताणल्या.

"पुन्हा."

नाही.

डॉक्टरणीचा चेहरा बदलला. बाहेर येऊन ती केसरीनाथला म्हणाली, "काका, या विषाचा हा दुसरा डाव असतो. आधी स्नायू फडफडून फडफडून दमतात आणि मग मान टाकतात. मानेनंतर पाळी श्वासाची."

दुपारी तसंच झालं. पापण्या मिटल्या त्या उघडेनात, आवाज गेला, श्वास वरवर चालू लागला. घशात नळी घातली. श्वास देणारं मशीन तिथं एकच आणि ते दुसऱ्या पेशंटला लावलेलं. सिस्टरनं नळीला एक रबरी फुगा जोडला, केसरीनाथचा हात त्यावर ठेवला. "असा दाबायचा. छाती वर येते का बघायचं. मग सोडायचा. मशीन मोकळं होईपर्यंत थांबायचं नाही."

केसरीनाथनं दाबलं. हौसाची छाती वर आली. सोडलं. छाती खाली बसली. आयुष्यभर त्यानं पाण्याची दारं उचलली होती, नाव ओढली होती, भाताचे भारे वाहिले होते. पण एवढा जड असा कोणताच भार त्याच्या हाताला लागला नव्हता. आणि हा भार माणूस जन्मल्यापासून मरेपर्यंत स्वतःच उचलतो, झोपेतसुद्धा, आणि त्याला पत्ताही नसतो!

घाबरून तो भरभर दाबू लागला. तेव्हा पलीकडच्या खाटेवरून इक्बालचा आवाज आला. "भाऊ, हळू. श्वास घ्यायला लागतो त्याच्यापेक्षा जास्त टाइम सोडायला लागतो. मला विचारा."

केसरीनाथचा हात भरून आला तसा मनोजनं फुगा घेतला, मनोजचा भरून आला तसा सईदानं. "बसा तुम्ही, भाऊ. चहा प्या. मी आहे." सईदा दाबता दाबता हौसाच्या कानाशी बोलत राहायची. लूमच्या खटखटीबद्दल, लेकीच्या, अदीबाच्या दहावीबद्दल, ती इंग्रजीला कशी घाबरते त्याबद्दल. "बोलत राहा," डॉक्टरणीनंच सांगितलं होतं. "त्या हलू शकत नाहीत, पण बेशुद्ध नाहीत. बहुतेक ऐकत असतील."

सकाळ झाली आणि अंजूरहून टेम्पो आला. त्यातून बायका उतरल्या. म्हाताऱ्या, तरण्या, एक तर कडेवर पोर घेऊन. सगळ्यांची लग्नं हौसानं लावलेली. चपला बाहेर काढून त्या व्हरांड्यात भिंतीला लागून बसल्या. सिस्टर आधी रागावली, मग म्हणाली, "एकेक या. हात धुऊन." आणि मग एकेक बाई आत यायची, फुगा हातात घ्यायची, आणि जिच्या आवाजानं आपली हळद लागली तिच्या छातीत हवा भरायची. कुणी रडत होती, कुणी पुटपुटत होती. केसरीनाथ कोपऱ्यात उभा होता. देवळात गर्दी असली की तो असाच कोपरा धरायचा.

त्याची पाळी आली तेव्हा तो तिच्या कानाशी वाकला. म्हणाला, "आज भरती मोठी हाय. उघाडी मनोजचे दोस्तानं पाडली. खाडीन जाल्याला बोयटं लागलीत म्हनतान, चांगली हातभर." मग तेच पुन्हा.

दुपारी मशीन मोकळं झालं आणि हौसाला त्याच्यावर घेतलं. पुढचे दिवस एकसारखे गेले. एका सकाळी उजवी पापणी उघडली. मग डावी. बोटं हलली. आणि एकदा डॉक्टरणीनं नेहमीसारखं "डोकं उचला" म्हटलं, तर हौसाचं डोकं उशीवरून उठलं. वीतभरसुद्धा नाही, दोन बोटं असेल. डॉक्टरणीनं चक्क टाळी वाजवली. आतलं दार बसू लागलं होतं.

नळी काढल्यावर बरेच दिवस हौसाचा आवाज फुटेना. फुटला तेव्हा तिनं आधी सईदाला विचारलं, "अदीबाचं इंग्लिश कसं झालं?"

सईदाच्या हातातलं संत्रं खाली पडलं.

"मना सगलं ऐकू येत व्हतं," हौसा म्हणाली. "डोलं उघडत न्हवतं, बोट हलत न्हवतं. जित्तेपनी पुरल्यावानी. पन ऐकू येत व्हतं. कोन दाबतंय तां पन कलायचं. मनोज घाई करायचा. सईदाबाय मोजून दाबायची." मग नवऱ्याकडं बघून म्हणाली, "तुमी दाबलं का हवा खोल जायची, आनि मंग तुमी जरा थांबायचे. दार उचलून पानी बघत थांबतान ना, तसं. मी म्हनायची, आता ह्यो माझा मानूस आला. आता मी जात न्हाय."

केसरीनाथनं खिडकीबाहेर बघितलं. भ्रमातलं कमळचं तिला काही आठवत नव्हतं. त्यानंही सांगितलं नाही. ते लग्न त्यानं आपल्यापाशी ठेवलं.

घरी आल्यावर सगळ्यांना वाटलं, संपलं. पण काही आठवड्यांनी हौसाच्या पोटऱ्यांत गोळे येऊ लागले. तळव्यांना मुंग्या आल्या त्या जाईनात. चालताना पायातली चप्पल निसटायची आणि तिला कळायचंच नाही. एके दिवशी उठून पाय उचलायला गेली तर दोन्ही पावलं पुढून लोंबली. सून रुचिकानं धरलं म्हणून, नाहीतर ओटीवरून खाली गेली असती.

डॉक्टरणीनं छोट्या हातोडीनं घोट्यावर टकटक केलं. पाऊल हललं नाही. "मला ही भीती होतीच," ती म्हणाली. "विष कधीच निघून गेलंय. पण जाताना लांबच्या मज्जातंतूंना इजा करून गेलंय. कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत धागे असतात, सगळ्यात लांब तेच. ते टोकाकडून वाळत येतात, म्हणून आधी पावलं."

"परत येतील?"

"वाढतात, काका. केसासारखे सावकाश. सगळे येतील असं वचन देत नाही."

इक्बाल आणि सईदा भेटायला अंजूरला आले तेव्हा केसरीनाथनं हे सांगितलं. इक्बाल पायरीवर बसून दम घेत होता. ऐकून तो थक्क झाला. "आमच्या लूमवर धागा तुटला तर लूम बंद करून गाठ मारावी लागते. आणि हा धागा आपोआप वाढतो? कुणी हात न लावता? सुभानअल्लाह!" आणि तो हौसाच्या पावलांकडं असा बघत राहिला, की हौसानं लाजून त्यांच्यावर गोधडी ओढली.

गोदामाचा मुकादम केळी घेऊन आला होता एकदा, मान खाली घालून. हौसा म्हणाली, "केली ठेव. आनि बायांना हातमोजे दे." त्यानं दिले. त्या गोदामात तसला माल पुन्हा उतरला नाही, एवढं मात्र झालं.

वर्ष सरलं. उजवं पाऊल बरंचसं परत आलं. डावं आलं नाही. त्याला प्लॅस्टिकची पट्टी बांधून चालावं लागतं. कधी कधी हौसाचा राग एकाएकी चढतो, भांडी आपटते, मग स्वतःच गोंधळून बसते. मनोज मोटारसायकलवर बसवून तिला लग्नांना नेतो. खुर्चीवर बसून गाते. मध्येच एखादी ओळ हरवते. मग ती आधीचीच ओळ पुन्हा म्हणत राहते, पुढची सापडेपर्यंत. नव्या नवरीला वाटतं धवला असाच असतो.

तपासणीला दवाखान्यात गेली की ती वॉर्डात डोकावल्याशिवाय परत यायची नाही. एकदा तिथं खारबावकडचा एक फवारणीवाला गडी मशीनवर होता. तरणाबांड, पापण्या मिटलेल्या, अंगाचं एक बोटही हलत नव्हतं. भाऊ पायाशी बसून रडत होता आणि डॉक्टरांना विचारत होता, "आता यात राहिलंय काय?"

हौसानं पट्टीचा पाय ओढत स्टूल जवळ घेतलं. त्या अनोळखी पोराच्या कानाशी वाकली.

"बाबू, मी अंजूरची हौसा. तू हाएस आत, मना ठाव हाय. आता दुपार झालीय. भाईर ऊन हाय. तुजा भाव हिकडंच बसलाय, रडू नको म्हनून सांगते मी त्याला. मशीन श्वास देतंय तुना, तू त्याच्याशी झगडू नको. मी पन इथंच व्हती. हितनं येता येतंय."

रडणाऱ्या भावानं डोळे पुसले. केसरीनाथ दारात होता. आत कुणी हललं नाही, कुठली पापणी उघडली नाही. पण हौसा बोलतच राहिली. पिकाबद्दल, खाडीबद्दल, आज बाजारात निवट्यांची मासळी आली होती त्याबद्दल. शेजारी सगळे आपापलं विसरून ऐकू लागले. केसरीनाथला हाक मारायची होती, रिक्षावाला थांबला होता. पण त्यानं रिक्षावाल्याला हातानंच जा म्हणून खुणावलं आणि खाली चटईवर बसला.

बऱ्याच वेळानं हौसा बाहेर आली. पट्टी टोचत होती म्हणून वैतागलेली.

"हा बंद सैल करा जरा," ती म्हणाली. "आनि चाय सांगा. घसा सुकला."